काचेची नळी आणि महादेवाची प्रदक्षिणा

ज्यांची बोटं सकाळी उठल्यावर मिटत नाहीत, आणि मिटली तर उघडत नाहीत, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. ज्यांचं सगळं ठीक चाललंय त्यांनीही वाचावं. फक्त हसायचं झालंच तर आमच्या सासूबाईंना हसावं. मला लोक पुरेसे हसून झाले आहेत.

औषधपाण्यातलं मला काही कळत नाही. माहेरी केमच्या शाळेत मराठी चौथीपर्यंत शिकले आणि लग्न होऊन सोलापुरात आले. नवी पेठेत आमचं लुगड्यांचं दुकान, आणि दुकानाच्या मागच्या आळीत घर. घरात माणसं तीन: सासूबाई, हे, आणि मी. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पदरात मूल नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे, आणि मग मध्येच थांबून सांगायला मला आवडत नाही.

भाकरी फिरेना

दुखणं सुरू झालं ते परातीत. ज्वारीची भाकरी थापताना तळव्याखाली ती आपोआप फिरत जाते, फिरता फिरता मोठी होते. श्रावणातल्या एका सकाळी माझी भाकरी फिरेचना. उजव्या हाताची बोटं मुळाशी सुजून लाल झाली होती. मी दुसरा हात लावला, तर तोही तसाच. कशीबशी थापून तव्यावर टाकली.

सासूबाईंनी ताटात वाढलेली ती भाकरी उचलून उजेडात धरली. "लीलव्वा, ही भाकरी हाय का वहाण?"

मी हसले, कारण ती खरोखरच वहाणेसारखी दिसत होती. पण चार दिवसांत मनगटं धरली, मग घोटे, मग गुडघे. संध्याकाळी अंगात बारीक ताप यायचा. निर्गुडीचा पाला बांधून झाला, गरम वाळूच्या पुरचुंडीनं शेकून झालं, शेजारणींनी सांगितलेली सगळी तेलं चोळून झाली. तेलांनी मी गुळगुळीत झाले, बरी झाले नाही. दिवाळीच्या आधी एका सकाळी मला अंथरुणातून उठताच येईना. यांनी मला उचललं आणि टांग्यात बसवलं. नवराबायकोनं रस्त्यात एकमेकांना हात लावायचा नाही अशी आमच्याकडची रीत, त्यामुळे अख्खी आळी दारात उभी राहून बघत होती. माझे सांधे दुखत होते, तरी मला लाजेनं हसू येत होतं.

रक्त तळाशी बसतं तेव्हा

सात रस्त्याजवळ एका नव्या डॉक्टरांनी दवाखाना काढला होता. नगरकडचे ख्रिस्ती गृहस्थ, वयानं तरुण, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. त्यांच्या टेबलावर एक लाकडी घोडी होती आणि तिच्यात काचेच्या लांब, बारीक नळ्या उभ्या केलेल्या. सोलापुरात असली तपासणी करणारे तेव्हा बहुधा तेच एकटे असावेत.

त्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढलं, ते गोठू नये म्हणून त्यात कसलंसं पाणी मिसळलं, आणि एका नळीत भरून ती नळी घोडीत उभी केली.

"आता तासभर थांबायचं," ते म्हणाले.

सासूबाई नळीकडे टक लावून होत्या. "तपासून झालं की परत घालनार न्हवं?"

"काय?"

"रक्त. तिच्या अंगात आधीच कमी हाय."

डॉक्टरांनी चष्मा वर सारला आणि अगदी गंभीरपणे सांगितलं की तशी सोय अजून निघालेली नाही. सासूबाईंना ते पटलं नाही.

तो तास मला आठवतो. बाकावर आम्ही तिघं बसलो होतो आणि समोर ती नळी. लाल रंग हळूहळू खाली बसायला लागला आणि वर फिक्कट पिवळं पाणी मोकळं होत गेलं. कापडाला लावायची खळ भांड्यात ठेवून दिली की कशी खाली बसते, तसं. मला वाटलं, बसतंय म्हणजे चांगलंच असेल. आमच्याकडे खळ बसली की वरचं पाणी ओतून देतात आणि काम पुढे चालू होतं.

डॉक्टर परत आले आणि त्यांनी नळीला डोळा लावला.

"बाई, धडधाकट माणसाचं रक्त तासाभरात एवढंसं खाली बसतं." त्यांनी करंगळीचं नख दाखवलं. "अंगात दाह असला की रक्तातले लाल कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि भराभर बसतात. तुमचं बघा." माझं अर्ध्या नळीच्याही खाली गेलं होतं. "सांध्यांत आग लागलेली आहे. ती नुसती सांध्यांत नाही, सगळ्या अंगात आहे. नळी तेच सांगते."

"मी पांगळी होणार का?" मी विचारलं. असं थेट विचारायचं नसतं, पण मला आडून बोलता येत नाही.

"होऊ नये म्हणून तर तुम्ही इथे आलात." मग त्यांनी पांढऱ्या, कडू पुड्या दिल्या आणि सांगितलं, "पूर्ण विश्रांती. मी सांगेपर्यंत अंथरूण सोडायचं नाही."

परतताना टांग्यात मला भीती वाटली. मरणाची नाही, केमची. आमच्या आळीतली एक सून अशीच अशक्त झाली, तेव्हा तिला विश्रांतीला म्हणून माहेरी पोचवलं होतं. वर्षाच्या आत त्या घराला दुसरी सून आली आणि पहिलीचं नाव घ्यायचं सगळ्यांनी सोडून दिलं. केमला माझे आईवडील आता नव्हते. अण्णा, माझे थोरले भाऊ, आणि त्यांची बायको होती. माणसं चांगली होती, पण पाहुणीचं घर आणि स्वतःचं घर यांत फरक असतो. मला माझी नवी पेठ हवी होती. दुकानातल्या कोऱ्या कापडाचा वास, गिरणीच्या भोंग्यावर चालणारं घड्याळ, यांची थट्टा, हे सगळं हवं होतं. टांग्यात मी यांच्याकडे पाहिलं. "आता काय, तू राणी," हे म्हणाले, आणि नजर बाहेर वळवली.

बाळाविना बाळंतीण

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. आता आमच्या बायकांच्या जगात विश्रांती एकच असते, बाळंतिणीची. दुसरी कुणी कधी पाहिलेलीच नाही. सासूबाईंनी तीच काढली.

माजघराच्या कोपऱ्यातली खोली रिकामी झाली. बाज आली, बाजेखाली शेगडी आली. दाराला घोंगडं टांगलं. माझ्या कानांत कापूस गेला, डोक्याला फडकं आलं. सकाळ-संध्याकाळ ओवा आणि शेपा यांची धुरी. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, वर तूप. डॉक्टर एवढंच म्हणाले होते की अंथरूण सोडायचं नाही. बाकीचं सगळं सासूबाईंनी पदरचं घातलं, आणि तेही इतक्या मायेनं आणि धाकानं की मला नाही म्हणायची सोय उरली नाही. मूल न होता बाळंतीण झालेली सोलापुरातली मी पहिलीच बाई असेन.

धुरीचा वास आळीभर जायचा. पलीकडे राजव्वा राहायची, विणकऱ्यांची, तेलुगू बोलणारी, मनानं लई मोकळी. एक दिवस ती हसत घोंगडं सारून आत आली. हातात झबलं आणि टोपडं.

"लीलव्वा, आमाला सांगितलं बी न्हाय की. कुटं हाय? बघू दे." आणि तिनं पांघरुणाचं टोक उचललं.

सासूबाई दारात होत्या, त्यांच्या हातातली वाटी तशीच राहिली. राजव्वाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. तिनं झबलं पदराखाली घेतलं आणि तिचे डोळे भरून आले. मला छातीत काहीतरी तुटल्यासारखं झालं, ते मी लपवत नाही. आणि त्याच वेळी मला दिसलं की माझा डावा गुडघा पांघरुणातून बाहेर आला आहे, सुजून गोल झालेला, चकचकीत.

"ठेव की ते टोपडं," मी म्हणाले. "ह्याला घाल. लई गार पडतो."

राजव्वानं माझ्याकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे. तिनं खरोखरच टोपडं गुडघ्यावर चढवलं आणि नाडी बांधली. ते अगदी मापात बसलं. आधी ती हसली, मग मी, आणि मग सासूबाई अशा हसायला लागल्या की वाटीतली खीर सांडली. "यव्वा, नाक बी तुज्या सासऱ्यावरच गेलंय," त्या म्हणाल्या. त्या दुपारी आम्ही तिघी इतक्या हसलो की बरगड्या दुखल्या, आणि बरगड्या सांध्यांपेक्षा जास्त दुखू लागल्या याचंच मला बरं वाटलं.

अडकलेली नळी

दर पंधरवड्याला टांगा, बाक, आणि नळी. दोन-तीन खेपांत ताप गेला. सूज उतरली. पहिल्या खेपेपेक्षा रक्त कमी बसू लागलं, आम्हांला वाटलं आता झालंच. पण मग नळी एका जागी अडकली. प्रत्येक वेळी लाल रंग तेवढाच खाली जाई, आणि डॉक्टरांचा चष्मा तेवढाच.

माझी गतही अडकल्यासारखीच झाली होती. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आली नि गेली, मी बाजेवरून फक्त तिचे आवाज ऐकले. लाडूंनी मी फुगले. "टांगेवाला हल्ली आधी घोड्याकडं बघतो, मगच तुला बसू देतो," हे म्हणायचे. झोप लागेना. सांधे सुजलेले नव्हते, पण वाळलेल्या कातड्यासारखे आखडले होते. बाजेवरून पाय खाली सोडायचा तर सासूबाईंना हाक मारावी लागे.

आणि त्या दमल्या होत्या. दुकानातल्या माणसांचा स्वयंपाक, माझं सगळं, शिवाय त्यांचा उजवा गुडघा कित्येक वर्षं वाकत नव्हता. एका सकाळी माझी वेणी घालता घालता त्या म्हणाल्या, "केमला निरोप धाडलाय. ज्वारीचं खळं उरकलं की तुझा अण्णा येतो म्हनालाय. माहेरी माणूस लवकर बरं व्हतं."

मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"माझ्यानं व्हत न्हाय गं आता," त्या म्हणाल्या, आणि शेवटचा पेड घट्ट ओढला.

मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांचं खरंही होतं. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. हे संध्याकाळी घरी आले तेव्हा मी विचारलं, "मला धाडणार?" हे भिंतीकडे बघत म्हणाले, "आई थकलीय. बघू, डॉक्टर काय म्हणतात." आमचे हे बिनआवाजी माणूस. वाईट नव्हेत, पण अशा वेळी त्यांच्या थट्टेचा काही उपयोग होत नाही.

उगाच चालायचं म्हणजे कुठं?

पुढल्या खेपेला डॉक्टरांनी मला खुर्चीतून उठून दाखवायला सांगितलं. मला दोन्ही हात टेकून उठावं लागलं. ते बघून त्यांनी नळीकडे पाठ फिरवली.

"बाई, आता झोपणं पुरे. चालायला लागा."

सासूबाई ताठ झाल्या. "आदी तुमीच झोपा म्हनालात."

"म्हणालो होतो. तेव्हा ताप होता. पुस्तकात अजूनही विश्रांतीच लिहिली आहे. पण मी क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात काम केलंय. तिथे ताप उतरला की रोग्याला थोडं थोडं चालवत, आणि दर आठवड्याला ही नळी बघत. बेतानं चाललं तर रक्त सुधारतं असं मी पाहिलं. जास्त झालं तर नळी लगेच सांगते. तुमच्या सांध्यांना ते लागू पडेल की नाही, मला ठाऊक नाही. बघू या का?"

ठाऊक नाही म्हणणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता. मला तो तिथेच आवडला.

"कुटं चालायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"कुठंही. उगाच."

"उगाच? पेठेतली सून उगाच कुटं चालती व्हय? लोक इचारतील की, कुटं निघालीस. काय सांगंल ही?"

हे डॉक्टरांच्या पुस्तकात नव्हतं. त्यांनी डोकं खाजवलं. "घराजवळ एखादं देऊळ?"

"आळीच्या तोंडाला महादेव हाय."

"मग झालं. रोज सकाळी एक प्रदक्षिणा. एकच, जास्त नको. अंगाला सोसलं तर पुढच्या आठवड्यात दोन."

सासूबाईंचा चेहरा उजळला. औषधात देव आला म्हणजे त्यांना ते औषध आपलं वाटायचं. टांग्यात बसताना मी मनाशी म्हटलं, खळं उरकायच्या आत मला चालता आलं पाहिजे. अण्णांनी येऊन मला उचलून न्यायचं, की मी माझ्या पायांनी दारात उभी राहून त्यांना पाणी द्यायचं, एवढ्यावर माझा संसार येऊन ठेपला होता.

एक म्हणजे एक

पहिल्या दिवशी आळीच्या तोंडापर्यंत जायलाच मला किती वेळ लागला ते मी सांगत नाही. सासूबाईंनी कोपराला धरलं होतं. मी नंदीपाशी पोचले आणि घामाघूम होऊन कट्ट्यावर बसले. नंतर उठून प्रदक्षिणेला लागले.

महादेवाची प्रदक्षिणा कशी असते ते आमच्याकडच्या पोरींना चालायच्या आधी कळतं. नंदीपासून निघायचं, आणि गाभाऱ्यातलं तीर्थ जिथून बाहेर पडतं त्या पन्हळीपर्यंत जायचं. पन्हळ ओलांडायची नाही. तिथून उलटं फिरून नंदीपाशी यायचं, मग दुसऱ्या अंगानं पन्हळीपर्यंत जायचं, आणि पुन्हा परत. नंदीला नमस्कार केला की एक झाली. डॉक्टरांनी एक सांगितली होती, आम्ही एक घातली. देवाच्या बाबतीत सासूबाई एक पाऊल इकडचं तिकडे होऊ देत नसत.

घरी आल्यावर मी रडले, दुखण्यानं आणि खुशीनं. दुसऱ्या दिवशी सगळे सांधे बोंबलत होते. सासूबाई म्हणाल्या, "न्हाय जायाचं का?" मी म्हटलं, "जायाचं." आठवडाभरात दुखणं आलं तसं ओसरायला लागलं. झोप लागू लागली. मी दारावरचं घोंगडं काढून टाकलं, शेगडी चुलीजवळ परत गेली, आणि सासूबाईंनी हरकत घेतली नाही. त्यांनाच धुरीनं खोकला झाला होता.

सगळ्यात मोठं सुख मला अनपेक्षित होतं. इतकी वर्षं मी आणि सासूबाई एका घरात राहिलो, पण कामाव्यतिरिक्त बोललो नव्हतो. देवळाभोवती फिरताना काम काही नसायचं. त्या त्यांच्या माहेरच्या, अक्कलकोटाकडच्या गोष्टी सांगायला लागल्या. रागावल्या की कानडीत सांगायच्या, हसल्या की मराठीत. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूनं त्यांना वर्षभर माहेरी धाडलं नव्हतं, आणि त्या गच्चीवर उभ्या राहून दक्षिणेकडे बघत. "म्हनून गुडघा धरला, उभं राहून राहून," त्या म्हणाल्या. मी हसले. त्याही हसल्या. थोड्या दिवसांनी राजव्वाही आम्हांला येऊन मिळाली, ती तर नुसतं बोलायलाच यायची.

आणि नळी हलली. पुढल्या खेपेला तास संपला, तरी लाल रंग वरच रेंगाळला होता. डॉक्टरांचा विश्वास बसेना, त्यांनी पुन्हा रक्त काढलं. सासूबाई म्हणाल्या, "आदीचंच परत घातलं न्हाय तुमी." दुसरी नळीही तशीच. त्यांनी मला दोन प्रदक्षिणा लावल्या. त्यानंतरची नळी आणखी सुधारली. मध्ये होळी आली. मला वाटलं मी बरीच झाले, म्हणून दिवसभर पुरण वाटलं आणि पोळ्या लाटल्या. त्या खेपेला रक्त भर्रकन खाली बसलं. डॉक्टर रागावले नाहीत. "बघा, सांगितलं तिनं," एवढंच म्हणाले, आणि आठवडाभर पुन्हा एकच लावली. वाचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. चालणं वेगळं, आणि आपण सुधारलो म्हणून कामावर तुटून पडणं वेगळं.

डॉक्टर कुंपणाबाहेर

एका सकाळी डॉक्टर स्वतःच आले. एवढ्या लहानशा फेरीनं एवढा फरक पडतो कसा, ते त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. ते देवळाच्या बुटक्या भिंतीबाहेर टोपी काढून उभे राहिले. हेही दुकान उघडायचं सोडून त्यांच्याजवळ थांबले.

मी निघाले. हात मोकळे, पदर खोचलेला, मनात थोडी ऐट. पन्हळीपाशी आले आणि रीतीप्रमाणे उलटी फिरले.

"बाई," डॉक्टर भिंतीवरून वाकले. "हे काय? अर्ध्यातून परत?"

"मग?"

"पुरी फेरी घालत नाही तुम्ही?" त्यांचा चेहरा पडला. इतके दिवस मांडलेला सगळा विचार कोसळल्यासारखा तो पडला. "रोज अर्धीच घालता?"

सासूबाई कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "अर्धी न्हाय. पन्हळ वलांडत न्हायत महादेवाची. हितनं तितवर जायाचं, परत यायाचं. मग त्या अंगानं जायाचं, परत यायाचं. तवा एक व्हती."

डॉक्टरांनी बोटानं हवेत रेघ ओढली. एकदा इकडून, परत. एकदा तिकडून, परत. मग त्यांचं बोट तसंच राहिलं.

"म्हणजे एकीत दोन फेऱ्या होतात."

"देवाची एकच व्हती."

"मी नगरला लहानपणी मारुतीला फेऱ्या घालणारे पाहिले होते. ते आपले गोल फिरून यायचे. मी त्याच हिशेबानं..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, मी सांगितलं त्याच्या दुप्पट चाललात तुम्ही. पहिल्या दिवसापासून. मला कळतं तर मी हात जोडून थांबवलं असतं."

क्षणभर ते घाबरलेले दिसले. मग भिंतीवर बसले आणि हसायला लागले, चष्मा हातात घेऊन, डोळे पुसत. हे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमचा डोस कमी पडत होता, तो महादेवानं पुरा केला."

"तसंच म्हणावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "मी भीतभीतच सांगितलं होतं."

चालण्यानं झालं, पुड्यांनी झालं, की दुखण्याची मुदतच भरली होती, हे त्यांनी कधी छातीठोकपणे सांगितलं नाही. मीही सांगणार नाही. दर खेपेला नळी काय म्हणाली तेवढं मी सांगितलं. पण तेव्हापासून त्यांनी एक सवय लावून घेतली. पेठेतल्या रोग्याला फेऱ्या सांगायच्या आधी ते विचारत, "तुमचा देव कोणता?" नवे रोगी बिचकत. त्यांना वाटे, हे आता आपल्याला बाटवणार.

अण्णा येतात

खळं उरकलं. अण्णा आले ते सरळ घरी गेले, कुलूप बघून शेजारी विचारून देवळाकडे वळले. डोक्याला फेटा, खांद्यावर जाड घोंगडी. मला गुंडाळून गाडीत घालायला आणली होती ती. माझी ट्रंक सासूबाईंनी आधीच भरून माजघरात ठेवलेली होती. तिच्याबद्दल आम्ही दोघींनीही तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. मी सुधारले होते, पण निरोप गेला होता, आणि आमच्या घरात शब्द फिरवायची चाल नव्हती.

मला चालताना बघून अण्णा जागीच उभे राहिले. "लीलव्वा? मी तुला उचलून न्यायला आलोय की."

पाय चालत होते आणि छातीत धडधडत होतं, पहिल्या दिवशी नळीसमोर बसले होते तेव्हापेक्षा जास्त.

"आत्याबाई, कसं करू मग?" अण्णांनी सासूबाईंना विचारलं. "दुपारची गाडी हाय. घेऊन जाऊ?"

सासूबाई थांबल्या नाहीत. माझ्या बरोबरीनं पन्हळीपर्यंत आल्या. वळताना त्यांनी माझं कोपर धरलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हल्ली त्या मला सांभाळायला धरत नव्हत्या. त्यांचा भार माझ्यावर होता. नंदीपाशी येऊन त्यांनी नमस्कार केला, मग बोलल्या.

"न्यायचं आसंल तर दोघींना न्या."

"दोघींना?"

"व्हय. मी म्हातारी एकटी देवळाभवती फिरले तर पेठ हसंल. हिच्यासंगं फिरते तर लोक म्हनतात, सासू बगा सुनंला कशी जपती. इतक्या वर्सांनी माझा गुडघा वाकाय लागलाय, अन् तुमी आत्ता हिला न्यायला आलाय व्हय?" आणि तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांनी लुगडं सावरून गुडघा वाकवून दाखवला.

अण्णा बघत राहिले. "मग निरोप कशाला धाडला व्हता?"

"चुकलं," सासूबाई म्हणाल्या. हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता, आणि त्यानंतरही नाही. "नागपंचमीला चार दिस न्या. पाचव्या दिसी मी सोता येती न्यायला."

मी तिथे नंदीपाशीच रडले. त्या घरात मी इतकी वर्षं सून होते, आणि त्या सकाळी मला पहिल्यांदा कळलं की मी तिथे लागते. माझ्या हातांवाचून, माझ्या भाकरीवाचून, नुसती सोबत चालायला म्हणून लागते.

दुपारी अण्णांना पोचवायला आम्ही स्टेशनावर गेलो. यांनी टांगा थांबवला, तर सासूबाईंनी टांगेवाल्याला हातानंच पुढे जा म्हणून सांगितलं. आम्ही चौघं चालत गेलो.